नॉर्वे जागचा हलला नाही, जकात मात्र दारात आली

तुमचा प्रश्न असा की नॉर्वेचा युरोपीय संघाशी करार आधीपासूनच होता, मग स्वीडन-पोलंड संघात गेल्याने त्याला काय फरक पडला?

फरक पडला, आणि तो मासळीत पडला. तो करार म्हणजे 1994 पासूनचा युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार; त्यात कारखान्यातला माल विनाजकात जातो. शेती आणि मासळी मात्र बरीचशी त्याबाहेर. तेल-वायूनंतर नॉर्वेच्या निर्यातीत मोठा वाटा मासळीचा, म्हणून दुखणं तिथेच.

स्वीडन, फिनलंड ‘एफ्टा’त (संघाबाहेरच्या काही युरोपीय देशांच्या मुक्त व्यापार गटात, ज्यात नॉर्वेही आहे) होते तोवर नॉर्वेची मासळी तिकडे विनाजकात जायची. नोव्हेंबर 1994च्या सार्वमतात नॉर्वेच्या 52.2 टक्के मतदारांनी संघाला नकार दिला. 1 जानेवारी 1995ला दोन्ही शेजारी आत गेले. नॉर्वेने आपला एकही नियम बदलला नव्हता, तरी त्याच माशावर, त्याच गिऱ्हाइकाकडे जाताना संघाची जकात लागली. मग बोलणी करून जुन्या व्यापाराच्या हिशेबाने विनाजकात कोटे मिळवावे लागले. 2004ला पोलंड गेला तेव्हा पुन्हा तेच.

एखादा देश अशा संघात गेल्याने जकात वाढली तर भरपाई मागण्याचा आधार गॅटच्या, म्हणजे जकात आणि व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, 24व्या कलमात आहे. स्पेन 1986ला आत गेल्यावर अमेरिकेने त्याच जोरावर भांडून स्पेनमध्ये वर्षाला 20 लाख टन मका आयात होण्याची सोय करून घेतली. पण नॉर्वेच्या काही कोट्यांना मुदत असते. ती संपली की पुन्हा बोलणी, आणि त्याच सुमारास संघातल्या गरीब सदस्यांसाठी नॉर्वे जो निधी देतो त्याचीही घासाघीस. 2004च्या विस्ताराने ही रक्कम कैक पटींनी वाढली. आत न जाताही वर्गणी भरावी लागते, हे मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी जर्मनीत राहते. इथल्या दुकानात धुरी दिलेल्या सॅल्मनचं पाकीट उलटून बघितलं की बरेचदा मासा नॉर्वेचा आणि प्रक्रिया पोलंडची असते. पोलंडमध्ये मजुरी स्वस्त, हे खरंच. पण जकातही बघा: नॉर्वेहून ताजा सॅल्मन आला तर 2 टक्के, धुरी देऊन आला तर 13. म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्यावर होऊ शकणारं काम जकातीनेही पोलंडकडे ढकललं.

मग नॉर्वे आत का जात नाही? आपलं समुद्रातलं मासेमारीचं धोरण आणि शेतीवरची जकात त्याला स्वतःच्या हातात हवी आहे. शिवाय तो युरोपीय संघाच्या जकात संघात (जिथे बाहेरच्या मालावर सगळ्यांची जकात एकच असते) नाही, त्यामुळे बाहेरच्यांशी स्वतंत्र करार करू शकतो. मार्च 2024ला भारताने एफ्टाशी व्यापार करारावर सही केली त्यात नॉर्वे होता. स्वीडनला अशी वेगळी सही करता येत नाही.