साडेचार हजारांचा लॅपटॉप, नऊ हजारांचा मसाला

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी सातवीत. दिरांच्या ऑफिसात जुने लॅपटॉप काढून टाकतायत, त्यातला एक लेनोव्हो थिंकपॅड टी४५० साडेचार हजारांत मिळतोय. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, कीबोर्डच्या चार कळा अडकतात, चालू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने ‘नव्यासारखा करून देतो’ म्हणत हिशोब दिला: २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, काहीही न फिरणारी वेगवान डिस्क) २,२००, ८ जीबी रॅम १,८००, बॅटरी २,४००, कीबोर्ड १,५००, विंडोज ११ आणि ऑफिस ‘टाकून’ ५००, मजुरी ६००. एकूण ९,०००. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा ३६,००० चा नवा घेऊ, नो-कॉस्ट ईएमआयवर, महिना ३,००० फक्त. दोघांचे मिळून ४१,००० हातात येतात, घरखर्च ३३,०००, भिशी २,०००, बँकेत ५२,०००. मिस्टरांची नोकरी कंत्राटी, दर मार्चला करार नव्याने होतो.

ताई, आधी उत्तर सांगते: जुना घ्या, पण त्या ९,००० च्या यादीतल्या दोनच गोष्टी करा, आणि त्याही एकदम नको.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ लॅपटॉपची नाहीच, ती मार्चची आहे. ५२,००० म्हणजे तुमचा दीड महिन्याचा खर्च. करार लांबला तर ईएमआय थांबत नाही. आणि ‘नो-कॉस्ट’ या शब्दावर फार जाऊ नका. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट किमतीत दाखवतो. १५ टक्के दर धरला तर तुमच्या हप्त्यांत २,७५० च्या आसपास व्याज असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५०० तुमच्या खिशातून, वर प्रोसेसिंग फी. रक्कम छोटी आहे, मान्य. पण क्रेडिट कार्डावरचा एक हप्ता चुकला की त्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं, तिथे गंमत संपते.

म्हणून जुना स्वस्त पडतोच असं मात्र नाही. मी हिशोब महिन्यावर काढते. ४,५०० अधिक ९,००० म्हणजे १३,५००. दहा वर्षांपूर्वीचं मशीन दोन वर्षं टिकलं तर महिन्याला ५६२ रुपये. ३६,००० चा नवा सहा वर्षं चालला तर महिन्याला ५००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. दुरुस्तीवाला फसवतोय असं नाही, त्याचे भाव मला वाजवी वाटतात. फक्त त्याने ‘नव्यासारखा’ करायची यादी दिलीये, आणि तुम्हाला हवाय ‘सातवीच्या मुलीला पुरेल इतका’.

मग काय ठेवायचं? मी अशा खर्चाचे दोन भाग करते: मशीनसोबत मरणारा आणि मशीनमधून काढून नेता येणारा. एसएसडी दुसऱ्या प्रकारातली. उद्या मदरबोर्ड गेला तर ती बाहेर काढून स्वस्तातल्या यूएसबी डबीत घातली की पेन ड्राइव्हसारखी वापरता येते. आणि फरकही सगळ्यात जास्त तिनेच पडतो. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, वाचणारी सुई पुढेमागे होते, तिथेच तुमचा चहा उकळतो. रॅम मात्र डीडीआर३एल म्हणजे जुन्या प्रकारची, नव्या लॅपटॉपला ती बसत नाही, मशीनसोबतच जाणार. तरीही ती घ्या, पण दोन महिन्यांनी. तोवर हे मशीन रोज चालू होतंय का, गरम होऊन बंद तर पडत नाही ना, हे कळलेलं असेल.

बॅटरी नको. या मॉडेलमध्ये दोन असतात, एक आत, एक बाहेरून निघणारी. वीस मिनिटं टिकली तरी मुलगी प्लगजवळच बसणार आहे, आणि मुंबईत वीज अशी कितीदा जाते? १२ ऑक्टोबर २०२० ची ती सकाळ अजून आठवते ना, कारण तसं क्वचितच होतं. २,४०० ला मिळेल ती बहुधा ‘कम्पॅटिबल’, म्हणजे लेनोव्होची नव्हे, दुसऱ्याच कुणाची असेल, आणि फुगलेली बॅटरी मुलाच्या मांडीवर मला चालणार नाही. कीबोर्डचे १,५०० ही नकोत. चार कळा अडकतायत म्हणता, तर ४००-५०० चा साधा यूएसबी कीबोर्ड लावा. पुढच्या लॅपटॉपलाही तो चालेल.

विंडोज ११ च्या ५०० बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात स्वस्त ओळ हीच आणि सगळ्यात महागात पडू शकणारीही हीच. टी४५० मध्ये इंटेलचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. त्यामुळे दुकानदार ते आडमार्गाने बसवणार, आणि ५०० रुपयांत ऑफिस देतोय म्हणजे ते क्रॅक केलेलं, परवान्याशिवायचं. मग विंडोज १० च ठेवू म्हणाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरात एकच लॅपटॉप असला की त्यावर लाइट बिल भरलं जातं, मिस्टरांचं नेट बँकिंग उघडलं जातं. क्रॅकसोबत काय आलंय, ते कोण बघतं?

त्याऐवजी लिनक्स मिंट टाका, विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, फुकट आहे. क्रोम चालतं, म्हणजे गुगल क्लासरूम, डॉक्स, यूट्यूब सगळं चालतं. मुलांना कोडिंग शिकवणारं स्क्रॅच ब्राउझरमध्येच उघडतं, बालभारतीच्या पीडीएफ उघडतात, लिबरऑफिसचे मेनू मराठीत मिळतात. वर्डच्या फाइली उघडतात, पॉवरपॉइंटची मांडणी मात्र कधीकधी हलते. एकच अट: शाळेत कॉम्प्युटरच्या बाईंना विचारून घ्या की विंडोजवरच चालणारं काही लागतं का. ‘हो’ आलं तर माझा हा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि आठव्या पिढीपुढचा वापरलेला लॅपटॉप शोधा.

आता दिरांशी बोलायच्या गोष्टी. २०२० मध्ये शाळा घरात आली तेव्हा मी भाच्यासाठी घाईत ८,००० चा वापरलेला लॅपटॉप घेतला. विंडोज नव्याने टाकलं, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव आणि तिथल्या ईमेलचा पासवर्ड मागणारी चौकट. तो त्या कंपनीच्या यादीतून कधी काढलेलाच नव्हता. दुकानदाराने हात वर केले. म्हणून ऑफिसच्या लेटरहेडवर सीरियल नंबरसकट दोन ओळी घ्या: हा लॅपटॉप अमुक तारखेला, अमुक किमतीला विकला. तिथेच तो चालू करून एफ१ दाबा, मशीनच्या आतल्या सेटिंग्ज (बायोस) उघडतील. पासवर्ड मागितला तर आयटीवाल्यांकडून तो काढून घेतल्याशिवाय उचलू नका. त्यातल्या ‘सिक्युरिटी’त कॉम्प्युट्रेस (कंपनीला लॅपटॉपवर दुरून नजर ठेवू देणारी सोय) सुरू असेल तर तेही बंद करून घ्या. झाकण एका कोपऱ्याने उचलून बिजागरीचा आवाज ऐका, चार्जरची पिन हलवून बघा.

आणि जुनी हार्ड डिस्क त्यांनाच परत द्या. त्यात ऑफिसचा डेटा आहे, तुम्हाला ती नकोच आहे. डिस्क ठेवून घ्या आणि हजार रुपये कमी करा, असं दिरांना म्हणायला लावा. लाजू नका, भंगारवाला त्यांना याहून कमीच देणार आहे.

नाहीच कमी केले, तरी ४,५०० अधिक एसएसडी २,२००, कीबोर्ड ४००, नंतर रॅम १,८००. झाले ८,९००. मजुरी धरली नाही, कारण एसएसडी बदलणं म्हणजे तळाचे स्क्रू काढून एक तुकडा सरकवणं आहे, हे मुलगी आणि दीर मिळून व्हिडिओ बघून करतील. तीन वर्षं चालला तर महिन्याला २४७. दीड वर्षातच गेला तर ४९४, आणि तेव्हाही एसएसडी आणि कीबोर्ड तुमच्या हातात राहतात.

ईएमआयला जाणारे ३,००० सगळे खर्चातून सुटले असं समजू नका. १,५०० बँकेतल्या पैशात टाका, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. उरलेल्या १,५०० ची बँकेत ३ वर्षांची आरडी उघडा. पोस्टाची ५ वर्षांची असते, तुम्हाला पैसे मुलगी दहावी संपवेल तेव्हा लागणार. ३६ हप्त्यांचे ५४,००० आणि वर व्याज. तेव्हा ती कुठल्या शाखेला जाते हे माहीत असेल, आणि त्याप्रमाणे नवा लॅपटॉप रोखीने घेता येईल.

भाव ताडून बघायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरा, दोन-तीन दुकानांत एसएसडीचा भाव जीएसटी बिल आणि वॉरंटीसकट विचारा. रॅम घेण्याआधी मात्र तळाचं झाकण उघडून बघा, रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का. असेल तर ८ ऐवजी ४ जीबीचा जुना तुकडा घेऊनही भागेल, आणि तो पाच-सहाशेत मिळाला तर १,८०० कशाला मोजायचे?