चाळीस पट झूम आणि अंधारातलं स्नेहसंमेलन

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल विचारा म्हटलं, तर निम्म्या पत्रांत एकच वाक्य: "सगळ्यात चांगला कोणता ते सांगा." त्यांना उत्तर देता येत नाही. कशाचे फोटो काढायचे, कुठून आणि कसल्या उजेडात, हे ज्यांनी लिहिलं, त्यांचीच पत्रं इथे घेतली आहेत.

नातवाच्या स्नेहसंमेलनाचे मोबाइलवरचे फोटो सगळे हललेले आले. दुकानात दोन कॅमेरे दाखवले, दोन्ही २० मेगापिक्सेलचे. एकाला ४० पट झूम, दुसऱ्याला जेमतेम चार पट, आणि चार पटवाल्याची किंमत दुपटीच्या वर! दुकानदार म्हणतो, महागाचाच घ्या. फसवतोय का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

नाही बाई, या वेळी दुकानदार खरं बोलतोय.

तुम्ही खोक्यांचे फोटो पाठवलेत म्हणून बरं झालं. पहिला कॅनन एसएक्स७४० एचएस, २०१८ सालचा. दुसरा त्याच कंपनीचा जी७ एक्स मार्क थ्री, २०१९ चा. मेगापिक्सेल दोघांचे जवळजवळ सारखे, पण उजेड टिपणाऱ्या ज्या चिपवर ते बसवलेत तिचं आकारमान बघा. पहिल्याची चिप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. दुसऱ्याची १३.२ बाय ८.८. हिला 'एक इंची' म्हणतात, पण पट्टी लावून मोजाल तर इंच कुठेच सापडणार नाही. टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं ते नाव अजून चालू आहे.

क्षेत्रफळ काढलंत तर दुसरी चिप चौपट भरते. पागोळ्यांखाली एकीकडे वाटी ठेवली आणि एकीकडे परात, तर पाणी कशात जास्त जमेल? उजेडाचंही तसंच.

आता लेन्सचं तोंड. पहिल्याचं जास्तीत जास्त एफ/३.३ पर्यंत उघडतं, दुसऱ्याचं एफ/१.८ पर्यंत. इथे आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि फरक वर्गाने वाढतो. ३.३ ला १.८ ने भागून वर्ग केला की ३.४ च्या आसपास येतात. चिपचे चार आणि तोंडाचे ३.४ यांचा गुणाकार म्हणजे जवळजवळ चौदापट उजेड. सभागृहात याचा अर्थ असा की जिथे पहिला कॅमेरा १/१५ सेकंद मागतो, तिथे दुसऱ्याचं १/२०० सेकंदात भागतं. १/१५ मध्ये कोळीनृत्यातल्या पोराच्या हाताचा पंखा होतो. १/२०० मध्ये बोटं मोजता येतात.

"पण चारच पट झूम?" होय, तेवढीच. दहा मीटरवरून, पूर्ण झूम करून, आडव्या चौकटीत सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि सव्वादोन-अडीच मीटर उंच भाग मावतो. म्हणजे नातू चौकटीची निम्मी उंची व्यापेल. पुढच्या रांगेत बसा. बाईंना खुर्ची कोण नाकारणार?

कॅमेरा घेतलात तर तीन गोष्टी करा. फ्लॅश बंद. तो तीन-चार मीटरपलीकडे काही उजळत नाही, फक्त पुढच्या रांगेतल्या पालकांची टकलं चमकवतो. मग वरची चकती 'टीव्ही'वर आणून १/२०० धरा. ही अक्षरं शटरचा वेग तुम्ही ठरवणार असं सांगतात, दूरदर्शनशी त्यांचा संबंध नाही. तिसरं, एक्स्पोजरची पट्टी उणे एकवर न्या. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारं आहे, आणि तो उजेड वाढवत नेतो. स्पॉटलाइटखालच्या मुलांचे चेहरे पिठासारखे पांढरे येतात ते यामुळे. फोटोत दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटोत नातू ओळखू येतो, हललेल्या फोटोत येत नाही.

१२, २०, ४८, २०० मेगापिक्सेल... घरच्या अल्बमसाठी किती लागतात? (अभियंता, नागपूर)

६ बाय ४ इंचाच्या छापील फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तर १८०० गुणिले १२०० ठिपके लागतात. म्हणजे सव्वादोनसुद्धा नाहीत. भिंतीवरच्या ए४ ला पावणेनऊ पुरतात. मोबाइलवरचे २०० मेगापिक्सेल बहुतेक वेळा १६-१६ ठिपक्यांची मोट बांधून साडेबाराचाच फोटो तुमच्या हाती देतात. पुढचा प्रश्न.

पावसाळ्यात गडांवर जातो, वर्षातून एकदा तारकर्लीला. मोबाइल पावसात बाहेर काढायची भीती वाटते. वॉटरप्रूफ कॅमेरा घेऊ का? (आयटीतला ट्रेकर, पुणे)

घ्या, पण तो कशासाठी घेताय ते डोक्यात पक्कं असू द्या. या प्रकारात माझ्या पसंतीचा कॅमेरा ओएम सिस्टीमचा टीजी-७. ऑलिम्पसच्या टीजी-६ चा हा पुढचा भाऊ, २०२३ मध्ये आला. वेगळ्या केसशिवाय १५ मीटर खोल पाण्यात चालतो, दोन मीटरवरून पडला तरी बहुधा वाचतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना तुम्ही पाण्याच्या वरच्या दोन-तीन मीटरांतच असता, त्याला हा भरपूर झाला. तिथे पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स निवडायला विसरू नका. पाणी लाल रंग आधी खातं, त्यामुळे मासे आणि मित्र सारखेच हिरवे-निळे दिसतात.

त्याची खरी गंमत मात्र जमिनीवर आहे. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवर तो फोकस करतो. कासला सप्टेंबरात वाटेच्या कडेला ओणवं होऊन दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरच्या चिकट थेंबात अडकलेलं चिलट या कॅमेऱ्याने टिपून बघा. सीतेच्या आसवांच्या जांभळ्या पाकळीवरच्या रेघासुद्धा मोजाल. दुप्पट किमतीचे खिशातले कॅमेरे हे करून दाखवत नाहीत. (वाट सोडून फुलांत पाय टाकू नका, एवढं सांगायलाच हवं.)

आता वाईट बाजू. याची चिप तीच, करंगळीच्या नखाएवढी. रात्रीच्या मुक्कामात, गुहेत, शेकोटीपाशी तुमचा मोबाइल याच्यापेक्षा सरस ठरेल. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तिन्ही माच्या एका चौकटीत घ्यायच्या तरी मोबाइलची '०.५' वाली लेन्स जास्त रुंद बघते. मोबाइल विकून हा घेऊ नका.

आणि समुद्रातून आल्यावर झाकणं उघडायच्या आधी कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मग पुसा, मग कोरड्या हातांनी उघडा. झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला तरी पंधरा मीटरची हमी गुडघाभर पाण्यातसुद्धा टिकत नाही. माझा स्वतःचा पहिला वॉटरप्रूफ कॅमेरा देवबागच्या किनाऱ्यावर असाच गेला. कंपनीचा काही दोष नव्हता. भेळ खाता खाता बॅटरी बदलली होती.

भिगवणला रोहित पक्षी बघायला दर हिवाळ्यात जातो. खिशातल्या ४० पट झूमवाल्या कॅमेऱ्याने काम होईल का? (बँक कर्मचारी, सोलापूर)

बाईंना नको म्हटलेला एसएक्स७४० तुमच्यासाठी विचार करण्यासारखा आहे. मोकळं पाणी, सकाळचं ऊन, उजेडाची ददात नाही. त्याची लेन्स फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जाते (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), आणि तो खरोखर खिशात जातो.

पण उजनीच्या फुगवट्यावर होडीत बसून ९६० मिलिमीटरला पक्षी शोधून दाखवा! या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही. हात लांब करून पडद्यात बघायचं म्हणजे नळीतून चंद्र शोधल्यासारखं, त्यात होडी डुलते आणि पडद्यावर ऊन. त्यावर एक उतारा आहे. झूम सहाय्याचं बटण दाबून धरलं की तो तात्पुरता मागे येतो, पक्षी कुठे गेला ते दाखवतो, आणि बटण सोडलं की पुन्हा पुढे जातो. एकदा सवय झाली की बोट आपसूक तिथे जातं. टोकाच्या झूमला शटर १/१००० च्या आसपास ठेवा. आतली स्थिरता यंत्रणा तुमच्या हाताची थरथर सांभाळते, पंखांची फडफड सांभाळत नाही. डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचं बंद करून टाका. त्यात नुसता मधला तुकडा कापून ताणलेला असतो, ते काम घरी संगणकावर जास्त चांगलं होतं.

ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग लाखाची लेन्स असली तरी पक्षी पाण्यात विरघळल्यासारखे येतात. सकाळच्या पहिल्या होडीने जा.

पक्ष्यांचं वेड खरंच लागलं असेल तर खिसा विसरा आणि निकॉन पी९५० सारखा खिडकीवाला कॅमेरा बघा. २००० मिलिमीटरपर्यंत जातो. वजन मात्र किलोभर, गळ्याला कळतं.

बाबांच्या कपाटात २००७ च्या सुमाराचा जुना डिजिकॅम सापडला. इन्स्टावर सगळे म्हणतात सीसीडीचे, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतल्या चिपचे, रंग भारी असतात. खरं का? आणि तो चालू करू कसा? (एफवायची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आधी बॅटरी काढून टेबलावर ठेव आणि बोटाने फिरवून बघ. भोवऱ्यासारखी फिरली तर ती पोटातून फुगली आहे. चार्ज करू नकोस, ई-कचऱ्यात दे, नवीन आण. पेन्सिल सेलवाला कॅमेरा असेल तर साधे स्वस्त सेल दहा-वीस फोटोंत माना टाकतात, निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घे.

मग कार्ड. घरातलं ६४ जीबीचं त्यात चालणार नाही. एसडीएचसीचं चिन्ह असेल तर ३२ जीबीपर्यंत चालतं. नुसतं एसडी लिहिलेलं असेल तर दोन जीबीपर्यंतचंच शोध, आणि असं कार्ड आता नव्या दुकानापेक्षा जुन्याच दुकानात मिळतं. त्या काळच्या सोनीला मेमरी स्टिक लागायची, ऑलिम्पस आणि फुजीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी. कार्डच मिळत नाही म्हणून पडून असलेले कॅमेरे मी टोपलीभर पाहिलेत. चालू झाल्यावर तारीख लाव, नाहीतर तुझ्या गॅदरिंगच्या फोटोंवर तुझ्या जन्माआधीचं साल येईल.

आता रंग. सीसीडी १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मली आणि तिच्या दोन जनकांना, विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना, २००९ चं नोबेल मिळालं. मोठ्या घराण्यातली आहे यात शंका नाही. पण तू ज्याला सीसीडीचे रंग म्हणतेस, त्यातला मोठा वाटा लहान चिपचा, त्या काळच्या रंग शिजवण्याच्या पद्धतीचा आणि तोंडावर मारलेल्या फ्लॅशचा आहे. आकाश पांढरं फटक होतं, सावल्या काळ्या कुळकुळीत होतात, मोबाइल असलं काही होऊच देत नाही. म्हणून वेगळं वाटतं. खास सीसीडीची म्हणून एक खूण सांगतो. रात्री पडद्यात रस्त्यावरचा दिवा धर. वरपासून खालपर्यंत एक उभी उजेडाची रेघ उठेल, ती तिचीच.

फुकटात मिळालाय, खुशाल वापर. पण हाच कॅमेरा कुणी 'व्हिंटेज' म्हणून पाच आकडी किमतीला विकत असेल तर हसून पुढे जा.

मुलीला रेसिपीचे व्हिडिओ करायचेत. जी७ एक्सचा मार्क टू वापरलेला स्वस्तात मिळतोय, घेऊ का? (गृहिणी, डोंबिवली)

मार्क टूला बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही. तुमच्या फोडणीचा आवाज येईल, मुलीचा येणार नाही. मार्क थ्री किंवा सोनीचा झेडव्ही-१ बघा, दोन्हींना माइकचं छिद्र आहे. झेडव्ही-१ चा पडदा बाजूला उघडतो, म्हणून ओट्याशी उभं राहून स्वतःला बघणं सोपं जातं. आणि फोडणी टाकताना कॅमेरा कढईवर टांगू नका. लेन्सवर बसलेला तेलाचा तवंग रुमालाने पुसला की नुसता पसरतो.

लेन्समध्ये बुरशी आली आहे असं दुकानदार म्हणतो. तांदळाच्या डब्यात ठेवला तर जाईल का? (वाचक, रत्नागिरी)

आलेली बुरशी कोरड्या डब्यात ठेवून परत जात नाही, फार तर वाढायची थांबते. लेन्सवर टॉर्च तिरका धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसतील. मग रात्री दिव्याचा एक फोटो काढा. दिव्याभोवती धुकं नसेल तर आहे तसा वापरत राहा. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करायचा खर्च बरेचदा कॅमेऱ्याच्या किमतीला जाऊन भिडतो.

पुढचा कॅमेरा वाचवायचा तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची मूठभर पुरचुंडी. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत ठेवायची. स्वयंपाकाचा तवा नको, जुना घ्या. चामडी पाकिटातून कॅमेरा बाहेर काढा, चामडं ओल धरतं. डांबराच्या गोळ्या जवळ नकोत.

आणि तांदूळ नको. ओल तो नावालाच शोषतो, पीठ मात्र सगळीकडे घुसतं. एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली होती. उघडून बघितलं तर नळकांड्याच्या खाचेत आंबेमोहोराचा अख्खा दाणा. दाणा चिमट्याने निघाला, पण तोवर मोटरच्या चक्राचे दोन दात गेले होते.