नॉन-जीएमओ सोयाबीनचा सौदा: दाखला, उतारे आणि मधल्या मधे जाणारे पैसे

चिकोडीकडच्या भावांची पोस्ट वाचली. गटाचं सोयाबीन, थोडे सभासद आपल्या कर्नाटकाच्या बाजूचे, थोडे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातले, एक खरेदीदार बाजारापेक्षा क्विंटलमागं जादा द्यायला तयार आहे पण नॉन-जीएमओचा, म्हणजे जनुक बदललेलं (जीएम) वाण यात नाही असा, दाखला मागतोय. आणि तुमचं म्हणणं असं की भारतात जीएम सोयाबीन पिकतच नाही तर दाखला कशाला, तोंडी बोलणीवर माल देऊन टाकू का. भाऊ, थांबा जरा. आमच्या गटानं हे सगळं भोगलंय म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी वकील नाही, सर्टिफिकेशनवालाही नाही, निपाणी भागातला शेतकरी आहे आणि गटाची कागदपत्रं माझ्या गळ्यात पडलीत एवढंच, त्यामुळं माझं ऐकून काही करायच्या आधी जाणकाराला विचारा.

तुमचं म्हणणं शेतापुरतं बरोबर आहे. आपल्याकडं २००२ पासून जीएम म्हणून शेतात आहे तो बीटी कापूसच, बीटी वांग्याला २०१० मध्ये ब्रेक लागला, आणि सोयाबीनला परवानगीच नाही. पण माल शेतात राहत नाही ना. ऑगस्ट २०२१ ला पोल्ट्रीवाले पेंडीच्या भावानं ओरडायला लागले तेव्हा केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती, आता कुठल्या मिलमध्ये, कुठल्या गोदामात काय येऊन गेलं हे खरेदीदाराला कसं कळणार? दाणा हातात घेऊन तर कळत नाही. त्याचा माल पुढं युरोपात गेला तर तिथं ०.९ टक्क्याच्या वर जीएम सापडलं की लेबल लावावं लागतं, जपाननं तर एप्रिल २०२३ पासून 'नॉन-जीएम' लिहायचं असेल तर जवळजवळ काहीच सापडता कामा नये असं केलंय. म्हणून तो कागद मागतोय, तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे.

आता खरा मुद्दा. तो जादा देतोय ती रक्कम तुम्ही नफा म्हणून धरलीय, तिथंच गणित चुकतंय. वेगळं बारदान, मळणी मशीन झाडून घेणं, वेगळं गोदाम, नमुना, टेस्ट, दाखला, सभासदांच्या मागं फिरणं, हे सगळं त्या जादाच्या पोटातनं जातंय. आणि यातला बराच खर्च माल दहा क्विंटल असो नाहीतर ट्रकभर, तेवढाच. पुस्तकात याला ट्रान्झॅक्शन कॉस्ट म्हणतात, ऑलिव्हर विल्यमसन म्हणून अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांना २००९ ला नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एखादी वस्तू एकाच गिऱ्हाईकाच्या कामाची झाली की मोकळ्या बाजाराचा सौदा चालत नाही, आधी करार लागतो, नाहीतर मग दोघांचं घरच एक करावं लागतं, म्हणजे दोन्ही धंदे एकाच मालकीत. आपल्याला हे नवीन नाही. ऊस तोडला की थांबत नाही म्हणून तर नोंद, तोडणीची पाळी, सभासदत्व, सगळी कारखानदारी त्याच्याभोवती उभी राहिली. आणि निपाणीत १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंबाखूचं आंदोलन केलं ते कशासाठी होतं? माल शेतकऱ्याच्या घरात पडून, व्यापारी मोजके, भाव ते म्हणतील तो.

सोयाबीन एरवी तसं नाही. बाजार समितीच्या यार्डात न्या, आज नाही तर उद्या विकतंय. पण तुम्ही ते नॉन-जीएमओ म्हणून बाजूला काढून ठेवलं, त्याच्यावर खर्च केला, की त्या जादा पैशापुरते तुम्ही त्या एका माणसाच्या हातात गेलात. दुसरा कोणी त्याला एक रुपया जास्त देणार नाही.

आमचं काय झालं सांगतो. दाखल्यासाठी एका ऑफिसात फाइल दिली, कुठलं ते विचारू नका, नाव घेणार नाही. प्रत्येक शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा पाहिजे म्हणाले, बरोबर आहे, दिले. आपल्या बाजूचे आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये, कागलकडच्यांचे सातबारे मराठीत. टेबलावरचा माणूस म्हणतो महाराष्ट्रातली जमीन आमच्याकडं चालत नाही, ती नावं काढा. काढली तर ट्रक भरत नाही. मग म्हणे दोन वेगळ्या फाइली करा. केल्या. मग नावं जुळेनात. आधारवर भाऊसाहेब, उताऱ्यावर नुसतं भाऊ, बँकेत तिसरंच स्पेलिंग, कन्नडमधनं इंग्रजीत येताना आडनावाचा पार चुराडा. एकाचा उतारा अजून आजोबांच्या नावावर, वारसा लागलेला नाही, म्हणजे आता तो म्हातारा स्वर्गातनं येऊन सही करणार का? आणि हे सगळं एकदम सांगत नव्हते हो, एका खेपेला एकच त्रुटी, ती दुरुस्त करून गेलं की दुसरी. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेब आले तर सर्व्हर डाऊन. मराठीत बोललं की कन्नडमध्ये उत्तर आणि कन्नडमध्ये अर्ज दिला की इंग्रजीत आणा. मला भाषेच्या वादात पडायचं नाही, दोन्ही बाजूची माणसं इथं पिढ्यान् पिढ्या एका बांधाला राहतात, पण कुठल्या भाषेत काय काय पाहिजे ते एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवायला काय जातंय यांचं?

तोवर माल भाड्याच्या गोदामात. गावातल्या बाकीच्यांनी दसऱ्याच्या आसपास विकून पैसे खिशात घातले. आमचे सभासद रोज विचारायचे, दोघातिघांनी रात्रीत आपली पोती उचलून यार्डात घातली, त्यांना दोष देत नाही, पोरांच्या फिया थांबत नाहीत. आणि खरेदीदाराला हे सगळं दिसत होतं. दाखला आला तेव्हा त्यानं फोनवर गोड आवाजात सांगितलं की आता पुढच्या सीझनचा माल ठरलाय, जादाची रक्कम निम्मी करू, आणि ओलावा आम्ही आमच्या मीटरवर बघू. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलावा चालतो, यानं त्याच्याही खाली मागितला आणि कट्टी लावली, म्हणजे वजनात कपात केली. काय करणार, दिला माल. गोदामाचं भाडं आणि टेस्ट वजा करून यार्डाच्या भावाच्या किंचित खालीच पडला असेल.

म्हणून माझं स्पष्ट मत, आणि इथं काहीजण भांडतील, ते भांडू देत: वीस पानी इंग्रजी करार नको, तोंडी शब्दही नको. दोन पानं, मराठी किंवा कन्नड, दोघांना वाचता येईल असं, आणि ते कापणीच्या आधी. त्यात दराच्या आधी हे लिहून घ्या की टेस्टचे पैसे कोण देणार, आणि अमुक तारखेपर्यंत दाखल्यात उशीर झाला तर गोदामभाडं कोणाच्या अंगावर. खरेदीदार ही तारखेची ओळ लिहायला तयार नसेल तर नमस्कार करा आणि यार्डात जा. थोडा ॲडव्हान्स मिळाला तर उत्तमच, त्याचे पैसे अडकले की तो पण तुमच्या इतकाच घाईत असतो.

नमुना काढताना दोन्हीकडची माणसं हजर पाहिजेत. पोत्यात ती लोखंडी नळी खुपसून वरच्या थरातलेच दाणे काढतात, तसं चालू देऊ नका, थप्पीच्या आतली, खालची पोती पण काढायला लावा. सगळं एकत्र करून तीन पिशव्या, तिन्हीवर दोघांच्या सह्या आणि सील, एक त्याला, एक लॅबला, एक तुमच्या कपाटात. वाद झाला तर ती तिसरीच कामाला येते. स्ट्रिप टेस्ट गोदामातच होते, दाणे दळून पाण्यात घालायचे, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत एक रेघ की दोन ते दिसतंय, स्वस्त आहे, पण ती ठराविक जीएम प्रोटीनच धरते. पीसीआर लॅबमध्ये, डीएनए बघतात, एका नमुन्याला काही हजार जातात. पेंडीला उष्णता लागलेली असते, तिथं स्ट्रिपवर विश्वास ठेवता येत नाही, पीसीआरच लागते. करारात कुठली टेस्ट आणि किती टक्क्याला फेल हे लिहिलेलं पाहिजे, नाहीतर शून्य मागून तुम्हाला अडवतील.

बारीकसारीक आणखी. सर्टिफाइड बियाणं घेतलं असेल तर पिशवीचा निळा टॅग फेकू नका, पावतीला टाचून ठेवा. घरचं बियाणं असेल (आपल्याकडं बऱ्याच जणांचं असतंय) तर टॅग नाही, मग सर्व्हे नंबर घालून प्रत्येकाचं घोषणापत्र घ्या. मळणी मशीन दुसऱ्या गावातनं आलं असेल तर पहिली एक-दोन पोती बाजूला काढा आणि साधा माल म्हणून विका. आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडचे कोणी हे वाचून नॉन-जीएमओ कापसाचा विचार करत असतील तर हे उत्तर तिथं लावू नका, शिवारात सगळीकडं बीटी, बियाण्यापासनं जिनिंगपर्यंत प्रत्येक पायरीला राखण करावी लागते, तिथं सुट्टा गट टिकेल असं मला तरी वाटत नाही, खरेदीदारच बियाण्यापासनं सोबत असला तर बघा.

उताऱ्यांचं मात्र आत्ताच हातात घ्या. आपल्या बाजूच्यांचे एफआयडी (कर्नाटक सरकारचा शेतकरी नोंदणी क्रमांक) आहेत का बघा, त्यात सर्व्हे नंबर जोडलेले असतात, त्याची प्रिंट पुष्कळ ठिकाणी चालते. वारसा न लागलेले सभासद पहिल्या वर्षी यादीत घेऊच नका, वाईट वाटलं तरी. कागलवाल्यांची फाइल पहिल्यापासनं वेगळी. आणि पेरणी सुरू झाली की नाडकचेरीत (कर्नाटकातल्या महसूल ऑफिसात) बियाणं-विम्याच्या कागदांची रांग लागते, तेव्हा तुमच्या नावदुरुस्तीकडं कोण बघणार, त्याच्या आधीच अर्ज देऊन पोच घ्या.

तुमचा खरेदीदार सोया मिल्क-टोफूवाला आहे की पेंडवाला ते लिहा. पेंडवाला असेल तर तो एवढं जादा का देतोय हे मला नीट समजत नाहीये, त्याला पुढचं गिऱ्हाईक कोण ते आधी विचारा.