अनवाणी धावताना पोटऱ्या धरल्या

प्रश्न : वय ४३. वेताळ टेकडीवर अनवाणी धावायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर धावलो आणि पोटऱ्या अशा धरल्या, की जिना उतरवेना. आता पहाटे उठावंसंच वाटत नाही. सोडून देऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : धावणं सोडू नका, ते पाच किलोमीटर मात्र सोडा! बुटात बहुतेक जण टाच आधी टेकवतात. अनवाणी ते सोसत नाही, मग चवडा आधी टेकतो आणि भार पोटरीवर येतो. तिला तयार व्हायला महिने लागतात. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, पण त्याला तसा सराव होता.

मी तळजाईच्या पायवाटेवर पाच मिनिटांनी सुरुवात केली, तीही दिवसाआड. बाकी अंतर बूट घालून. मातीत खडा बोचला, की पाऊल आपोआप आखूड आणि हलकं पडायचं. तेच आखूड पाऊल टिकवा. घरी आल्यावर तळपाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत काटा किंवा काच राहिली नाही ना, हे मी आजही उजेडात बघते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अनवाणी धावूच नका.

राहिला उत्साह. त्याची वाट बघू नका, कुणाशी तरी वेळ ठरवा. माझी शेजारीण पावणेसहाला फाटकाशी उभी असायची. थंडीत तिला ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून मी उठायचे.