घरी अजून सांगितलेलं नाही

ताई,
मी 41 वर्षांचा आहे. एकाच कंपनीत 11 वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी आम्हा वरच्या पदांवरच्या सगळ्यांचा पगार 25 टक्क्यांनी कापला. ‘दिवस सुधारले की पूर्ववत करू’ एवढंच तोंडी सांगितलं. घरी बायकोशीही मी हे बोललेलो नाही. घरखर्चाच्या खात्यात दर महिन्याला पूर्वीइतकीच रक्कम टाकतो, कमी पडते ती मुदत ठेव मोडून. आता एका लहान कंपनीने सध्याच्या पगारावर 10 टक्के वाढ देऊ केली आहे. दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं आहे. कामात मन लागत नाही. 11 वर्षांची हीच किंमत का, असं सारखं मनात येतं. जाऊ का?
– एक वाचक

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती ठेव मोडण्याच्या वाक्यापाशी. नोकरीबद्दल बोलूच, पण आधी हे.

मी दहा वर्षांची असताना माझ्या वडिलांचा पगार काही महिने निम्म्यावर आला होता. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. ते रात्री हिशोबाची वही घेऊन बसायचे आणि कुणी खोलीत आलं की ती पालथी घालायचे. त्या पालथ्या वहीवरूनच मला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. पुष्कळ वर्षांनी आई म्हणाली, ‘ते झोपले की मी वही उघडून बघायचे आणि परत तशीच पालथी ठेवायचे.’ एकाच घरात दोघं जण एकच आकडा मनात घेऊन वेगवेगळे जागत होते. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तुमच्या बायकोला कदाचित काहीच माहीत नसेल, कदाचित सगळं माहीत असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुम्ही एकट्याने हे ओढू नये. त्यांना अंधारात ठेवल्यामुळे खर्च जुन्याच पगाराच्या मापाने चाललाय आणि तुमचा खड्डा रोज खोल होतोय, हे तर आहेच. शिवाय नोकरी बदलण्याचा निर्णय त्यांच्याही आयुष्याचा आहे.

आता आकडे. जुना पगार 100 धरू. कपातीनंतर 75 झाला. त्यावर 10 टक्के म्हणजे 82.5. नव्या ठिकाणीही तुम्ही जुन्या पगारापेक्षा 17.5 ने मागेच असाल. 75 वरून पुन्हा 100 वर यायला 25 नाही, 33 टक्क्यांहून थोडी जास्त वाढ लागते. इथे भले भले फसतात, कारण कपात मोठ्या रकमेवर मोजली जाते आणि वाढ लहान रकमेवर. समजा, तुमची ठेव आज 14 महिने पुरेल इतकी आहे. घरखर्च आहे तसाच ठेवला तर तीच ठेव तिथे 20 महिने पुरेल. सहा महिने जास्त मिळतील, पण ठेव मोडणं काही थांबणार नाही. म्हणून खर्च कमी करणं दोन्हीकडे अटळ आहे, आणि ते घरच्यांशिवाय होणार नाही. कर्ज असेल तर हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का ते विचारा. एकूण व्याज वाढेल, पण महिन्याचा श्वास मोकळा होईल. विम्याचा हप्ता मात्र थांबवू नका.

‘11 वर्षांची हीच किंमत का?’ हा प्रश्न मी हलका मानत नाही. हातातलं गेल्याचं दुःख तेवढंच नव्याने मिळाल्याच्या आनंदापेक्षा जड असतं, असं डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं. तुम्हाला इतकं लागलंय ते तुम्ही हळवे आहात म्हणून नाही. पण तुमचा एकट्याचा पगार कापलेला नाही, वरच्या पदांवरच्या सगळ्यांचा कापलाय. तुमच्या कामावर कुणी शेरा मारलेला नाही. कंपनीच्या तिजोरीत खडखडाट आहे, एवढंच त्यातून कळतं.

आणि ती बातमी गंभीरपणे घ्यावी असं माझं मत आहे. ट्रुमन ब्यूली हे अर्थतज्ज्ञ 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतल्या मंदीत 300 हून अधिक लोकांशी बोलले. त्यात बहुतेक कंपन्या चालवणारे होते. पगार कापायला ते सहसा धजावत नाहीत, असं त्यांना दिसलं. कापला तर उरलेल्यांचं मन मोडतं आणि चांगली माणसं निघून जातात ही भीती असते. तरीही कंपनीने कपात केली असेल, तर अडचण खरी आहे. ती तात्पुरती की मुरलेली, हे तुम्हाला आतून दिसू शकतं. पगार ठरल्या तारखेला होतो का? पुरवठादारांची बिलं किती दिवस रखडतात? कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम खरोखर जमा होते का? नवीन कामं येतायत का? सगळ्यात वरच्यांनी स्वतःचा पगार तुमच्यापेक्षा जास्त कापला का? पगाराची तारीख पुढे सरकू लागली असेल, तर माझ्या लेखी बाकी काही बघायची गरज नाही. तिथून निघायलाच हवं.

उद्याच एक काम करा. कपात किती, कधीपासून, कधीपर्यंत, पूर्ववत कधी आणि कशावर ठरणार, हे ई-मेलने विचारा. भांडू नका, फक्त लेखी मागा. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे. लेखी मिळालं तर दोन ठिकाणी उपयोगी पडेल. नोकरी सोडताना मिळणारे पैसे शेवटच्या पगारावर ठरत असतील, तर ते जुन्या पगारावर धरणार की कापलेल्या, हे आधीच विचारून ठेवा. दुसरं म्हणजे नव्या कंपनीपुढे तुमचा मूळ पगार सिद्ध होईल.

कारण माझं उत्तर असं आहे: आज मिळालेल्या आकड्यावर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. त्यांनी 75 हाच तुमचा भाव धरलाय. त्यांना सरळ सांगा, ‘माझा पगार 100 आहे, सध्या कपात आहे, हे पत्र. मला निदान 95 तरी हवेत.’ यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ती लहान कंपनी किती वर्षं चालू आहे, पगार वेळेवर होतो का, तुमच्या जागेवरचा आधीचा माणूस का गेला, हेही विचारून घ्या. त्याच माणसाशी बोलता आलं तर फार बरं. ते 95 च्या आसपास आले आणि उत्तरं समाधानकारक असली तर जा. 82.5 वरच अडले, तर तुमच्या कंपनीत पगाराची तारीख पाळली जाते तोवर थांबा आणि शोध चालू ठेवा. चालू नोकरीतून शोधणाऱ्याला घाई नसते. पगार लांबू लागला असेल तर मात्र 82.5 सुद्धा घ्या. रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका, हातात नेमणुकीचं पत्र आल्याशिवाय तर नाहीच.

या शनिवारी रात्री बायकोसमोर बसा. सुरुवात नोकरीपासून करू नका, मोडलेल्या ठेवीपासून करा. त्या रागावतील, कदाचित पैशांपेक्षा चार महिने लपवल्याबद्दल जास्त. रागावू द्या. मग ठेवीचे आणि खर्चाचे कागद दोघांच्या मध्ये ठेवा.

नव्या कंपनीने काय म्हटलं ते मला नक्की कळवा. पण घरी सांगून झाल्यावर.