मालक म्हणतोय, कुंभापुरती खोली द्या

प्रश्न: ताई, आम्ही पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या बोळात राहतो, जुन्या वाड्यात, भाड्याने. सासऱ्यांनी खोली घेतली त्याला पन्नासेक वर्षं झाली असतील. आधी शनिवार-रविवारी गर्दी असायची, आता रोजच जत्रा. पहाटे चारला चाकाच्या बॅगा खडखडत जातात, आमच्याच ओट्यावर कोणीतरी चहा पीत बसलेलं असतं. परवा एकाने दाराला चिकटून गाडी लावली आणि गेला दर्शनाला, सासूबाईंना डायलिसिसला न्यायचं होतं, रिक्षा आत येईना, शेवटी मुलाने आणि शेजाऱ्याने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. शेजारच्या दोन वाड्यांत यात्रेकरूंसाठी रूम काढल्यात. आता आमचा मालक म्हणतोय २०२७च्या कुंभापुरती खोली खाली करा, दुरुस्ती करून परत देतो. मुलगा म्हणतो व्हेनिससारखं तिकीटच लावलं पाहिजे इथे. काय करावं?

उत्तर: आधी मुलाचं बघू, ते लवकर उरकेल. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ला दिवसाचं तिकीट सुरू केलं, ५ युरो, तेही ठरावीक दिवशी आणि फक्त सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना, मुक्काम करणाऱ्याला माफ. पण तिथलं दुखणं वेगळंच आहे हो. १९५०च्या सुमाराला त्या जुन्या बेटावर पावणेदोन लाख माणसं राहायची, २०२२मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. गेलेली माणसं तिकिटाने परत थोडीच येणारेत? आणि रामकुंडावर तिकीट लावणार तरी कुणाला? अस्थी घेऊन आलेल्याला? दशक्रियेला आलेल्या भाऊबंदांना? की पिशवी घेऊन गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजाराला निघालेल्या तुम्हा-आम्हाला?

मला बार्सिलोनाचं जास्त पटतं. तिथल्या महापौरांनी जून २०२४मध्ये सरळ जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या १०,१०१ फ्लॅटची लायसन्स २०२८च्या नोव्हेंबरनंतर चालू ठेवणार नाही, कारण घरभाडी परवडेनाशी झाली होती. (त्याच जुलैमध्ये तिथे लोकांनी हॉटेलबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या हौदात, धप्पा मारणाऱ्या पंचवटीकराला त्याचं काय वाटणार म्हणा.) म्हणजे त्यांनी हात घातला तो खोल्यांना. गर्दी आपल्याला नवीन नाही, बारा वर्षांनी कुंभ आणि रोजचे यात्रेकरू यावर तर अख्ख्या पंचवटीची चूल पेटते, तुमच्या बोळातला फुलवालासुद्धा त्यावरच जगतो. पण घराची रूम झाली की तिथे परत घर होत नाही. माझी मावशी २०१५च्या कुंभात "दोन महिन्यांसाठी" म्हणून जुन्या नाशकातली खोली सोडून गेली, अजून म्हसरूळला आहे. त्या खोलीला आता एसी बसलाय आणि दारावर नंबर.

म्हणून सांगते, तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडं नियमित भरणाऱ्या भाडेकरूला मालकाला कोर्टात जाऊन कारण सिद्ध केल्याशिवाय काढता येत नाही, आणि यात्रेकरूंना रूम द्यायचीय हे काही त्यातलं कारण नाही. खरंच दुरुस्ती करायची असेल तर त्याचीही सोय कायद्यात आहे, कोर्टामार्फत खाली करायची आणि काम झाल्यावर परत ताबा मिळवायचा, पण मग ते तसंच रीतसर होऊ द्या. दुसरं म्हणजे "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्सचं कागद पुढे केलं तर सही करू नका, त्यावर सही झाली की जुन्या भाडेकरूपणावर पाणी सोडल्यासारखंच होईल. मालकाने भाडं घ्यायला नकार दिला तर मनीऑर्डरने पाठवा, परत आली तर ती पावती जपून ठेवा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर सीबीएस बस स्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तुम्ही स्वतः जा.

गाड्यांसाठी एकट्याने भांडू नका, त्या माणसाशी तर नाहीच, तो संध्याकाळी शिर्डीला गेलेला असतो. बोळातल्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन महापालिका आणि ट्रॅफिक पोलीस दोघांकडे अर्ज द्या आणि त्यात पार्किंगचा त्रास असं मोघम न लिहिता "अँब्युलन्स आत येत नाही" असं लिहा, सासूबाईंच्या डायलिसिसचे वार टाका. २००३च्या कुंभात याच भागात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, त्यामुळे अडलेली वाट म्हटलं की पंचवटीत अधिकारी जरा तरी मान वर करतात. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका.

आणि आज संध्याकाळीच सासूबाईंना विचारा, सासऱ्यांच्या नावाच्या जुन्या भाडेपावत्या कुठल्या ट्रंकेत आहेत ते.