कुलूपं उघडण्याचा छंद : वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन ३० काड्यांचा लॉकपिक संच मिळतोय, सोबत पारदर्शक कुलूपही आहे. पाच-सहा काड्यांचा संच जवळपास त्याच किमतीला आहे. कोणता घ्यावा?
– प्र. दे., कोथरूड

पाच-सहांचा. ३० पैकी बहुतेक काड्या एकाच आकाराच्या किंचित वेगळ्या नकला असतात. टेन्शन रेंच, म्हणजे प्लगवर (किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या गोल भागावर) फिरवणारा जोर देणारी वाकडी पट्टी, मात्र एखाद-दुसरी, आणि तीही मऊ पत्र्याची. संच बघताना आधी रेंच बघा. या छंदात निम्म्याहून अधिक काम रेंचवरचं बोट करतं.

सुरुवातीला तीन काड्या पुरतात: एक आखूड हुक (वर वळलेल्या टोकाची काडी), एक थोडा उंच हुक आणि एक नागमोडी रेक. जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असावी. किल्लीची फट अरुंद असेल तर ०.४ ते ०.४५ मिलिमीटरची काडी लागते, पण ती लवकर वाकते, म्हणून ती नंतर घ्या. रेंच किमान तीन घ्या. फटीच्या तळाशी बसणारा एक, आणि पिनांच्या (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या बारीक खुंट्यांच्या) बाजूने तोंडाशी घट्ट बसणारे, सुमारे १ आणि १.३ मिलिमीटर जाडीचे दोन सपाट. तोंडाशी बसणारा रेंच काडीला आत हलायला जागा सोडतो. तो सैल बसला तर निसटतो, म्हणून दोन जाड्या.

काडीच्या कडेवरून नख फिरवून पाहा. खरखर लागली तर ती पिनांवर अडकेल आणि पिन हलली की काडीच घासली, हे कळणार नाही. मुठीवर जाड मऊ रबर असलेल्या काड्या टाळा, बारीक टिचक्या त्यातच जिरतात. पारदर्शक कुलूप आतली रचना समजून घ्यायला उत्तम, पण त्यात पिना इतक्या सैल असतात की हात तयार होत नाही.

घरातल्या जुन्या, जड कुलपात काडी घातली, पण आत पिनाच लागत नाहीत. संच खराब आहे का?
– सौ. अ. कु., सदाशिव पेठ

संच ठीक आहे, कुलूप वेगळ्या जातीचं आहे. आपल्याकडची कितीतरी टपोरी कुलपं लिव्हरची, म्हणजे आत पिनांऐवजी सपाट पट्ट्या असलेली, असतात. किल्ली बघा. गोल दांडा आणि टोकाला झेंड्यासारखं पातं असेल तर बहुधा लिव्हर. सपाट पट्टीच्या एका कडेवर करवतीसारख्या खाचा असतील तर पिन टंबलर, ज्याचं आजचं रूप लायनस येल धाकटा याच्या १८६० च्या दशकातल्या पेटंटांतून आलं. बाजारातले साधे संच या दुसऱ्या जातीसाठी असतात. लिव्हरला वेगळी हत्यारं लागतात, तिथे जोर लावून काडी मोडू नका.

सरावासाठी बोहरी आळीतल्या हार्डवेअर दुकानात चार पिनांचं साधं पितळी कुलूप मागा. जुन्या बाजारातही किल्लीसकट कुलपं मिळतात. किल्लीशिवाय घेऊ नका. कुलूप मुळात चालतं की नाही, हे किल्लीनेच कळतं.

रेंच लावून काडी वर-खाली करतो. कधी उघडतं, कधी नाही. नेमकं काय करायचं?
– रो. जा., चिंचवड

प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक असतात, वर स्प्रिंग. दोघींमधली सांध प्लगच्या कडेशी आली की ती जोडी वाट सोडते. भोकं कधीच अगदी एका रेषेत पाडलेली नसतात, म्हणून रेंचचा जोर एका वेळी एखाद्याच पिनेवर येतो. ती अडकलेली पिन शोधणं हाच सगळा खेळ.

जोर अगदी हलका ठेवा, बोटाचं टोक जेमतेम पांढरं पडेल इतकाच. हुक शेवटच्या पिनेपर्यंत न्या आणि पुढे येत एकेक पिन हळूच उचला. स्प्रिंगसारखी उसळली तर सोडून द्या. कडक लागली तर ती अडकलेली. तिला केसभर वर ढकला, बारीक टिचकी येईल आणि प्लग किंचित सरकेल. मग पुन्हा शोध, आता दुसरी अडकलेली असेल.

सगळ्या पिना घट्ट लागत असतील तर जोर जास्त आहे. एखादी प्रमाणाबाहेर वर गेली, तर खालची पिनच प्लगच्या कडेवर अडकते. तिथे हिकमत चालत नाही, जोर पूर्ण सोडून पहिल्यापासून सुरू करा.

प्लग थोडा फिरून अडला आणि पुढे जाईना, तर बहुधा मधे बारीक असलेली स्पूल पिन आहे. अशा वेळी नवखे लोक जोर वाढवतात, आणि तिथेच फसतात. जोर कमी करा आणि एकेक पिन हळू दाबा. ज्या पिनेवर प्लग उलटा फिरू पाहतो, ती स्पूल. त्याला उलटं फिरू द्या. बसलेली एखादी पिन खाली पडेल, ती पुन्हा बसवा.

सिलिंडर उघडून पिना काढता येत असतील, तर एका पिनेपासून सुरुवात करा आणि हात बसला की एकेक वाढवा. प्लग बाहेर काढताना त्याच्या मागोमाग नेमक्या त्याच जाडीचा लाकडी दांडा सरकवा, नाहीतर स्प्रिंगा उडून खोलीभर होतील.

मुलगा १५ वर्षांचा आहे. घराच्या दाराच्या कुलपावर सराव केला तर चालेल का? संच क्लासला नेतो, तेही चालेल का?
– एक पालक, हडपसर

दोन्ही नाही. वापरातल्या कुलपावर सराव करू नये, मग ते स्वतःचं का असेना. पिना झिजतात, काडीचं टोक आत मोडू शकतं. उघडलेला प्लग किल्लीशिवाय १८० अंशांत फिरला तर काही कुलपांत वरच्या पिना खालून उघड्या फटीत उतरतात आणि कुलूप जाम होतं. मग रात्री चावीवाला शोधावा लागतो. दुसऱ्याच्या कुलपाला तर मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय हात लावायचाच नाही. शेजारी गंमत म्हणून ‘उघडून दाखव’ म्हणाले, तरी दारावरच्या कुलपाला नाहीच म्हणावं.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि कारण पटवून देण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. संध्याकाळच्या क्लासहून परतताना दप्तरात संच सापडला, तर मुलाला हे समजावत बसावं लागेल. संच घरात, सरावाच्या कुलपांच्याच डब्यात ठेवा.

पावसाळ्यात काड्यांवर तांबूस डाग आले. काय करावं?
– वि. शि., वानवडी

स्टेनलेस नसलेल्या स्प्रिंग स्टीलला पुण्याची जुलैतली दमट हवा पुरते, हाताचा घामही. सराव संपला की काडी कोरड्या कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा बोट माखेल इतकाच हात फिरवा. हे तेल काडीपुरतंच. सरावाच्या कुलपात ग्राफाइट पूड टाकत असाल तर तिच्यात तेल मिसळू देऊ नका, दोघांचा चिखल होऊन पिना चिकटतात. आलेले डाग आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने, काडीच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं तर बारीक चरे राहतात आणि काडी पिनेवर अडखळते.